त्या माणसाचं पुढे काय झालं

४ सप्टेंबर

तोफसाहेब,

पाकीट पाहून दचकू नका, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होतो. पण फोनवरचा तुमचा आवाज आमच्या खालच्या मजल्यालाही ऐकू जातो, आणि मला जे विचारायचंय ते खालच्या मजल्याला कळलं तर मला घर बदलावं लागेल. तुम्ही माझे साडू आहात म्हणून नाही, कपाटंच्या कपाटं वाचून काढलेला माणूस आहात म्हणून विचारतोय.

मे महिन्यात माझी गाठ काढली, हे तुम्हाला माहीत आहे. घरात आम्ही पाठीतली म्हणून सांगितलं. ती पाठीतली नव्हती. छातीतली होती, दोन्ही बाजूंची, आणि तो काही रोग नव्हता. वयात येताना पुष्कळ मुलांची छाती फुगते आणि मग ओसरते म्हणे. माझी ओसरली नाही. अंग बारीक, पोट सपाट आणि वर बाईसारखी छाती.

मी कारकून असतो तर सदरा ढगळ शिवून आयुष्य काढलं असतं. पण मी पडलो पोहायला शिकवणारा. बाकीचे उघड्या अंगाने पाण्यात उतरतात, मी इतकी वर्षं बनियन घालून उतरलो. ओलं बनियन काय झाकणार? उलट छापून दाखवतं. कपडे बदलायच्या खोलीत माझं नाव 'मावशी'. 'मावशी आल्या, नीट बसा रे.' 'मावशी, तुमच्यासमोर टॉवेल सोडायला लाज वाटते.' मीही हसायचो. हसलं नाही तर जास्त छळतात. सकाळच्या तुकडीत एक बँकेतला गृहस्थ आहे, चांगला टक्कल पडलेला, नातवंडं असलेला. त्याने एकदा मागून येऊन दोन्ही हातांनी धरलं आणि तोंडाने मोटारीचा भोंगा वाजवला. अख्खी खोली हसली. मीही. घरी येऊन ओकलो.

म्हणून कापून घेतलं. तुमची मेहुणी सोडून कुणालाही खरं सांगितलं नाही. आता छाती सपाट आहे, खाली दोन बारीक व्रण आहेत आणि मधला भाग बधिर आहे. जूनपासून मी उघड्या अंगाने पाण्यात उतरतोय.

आता मूळ मुद्दा. तो लिहिताना माझी मलाच शिसारी येतेय. ऑपरेशननंतर नवरा-बायकोचं जमेनासं झालंय. जे कधी अडलं नव्हतं ते अडलं. आधी एकदा, मग परत, आता दर वेळी. तलावावर एक मालिशवाला बसतो. तो म्हणाला, 'वरची गाठ आणि खालचं सामान एकाच शिरेवर असतं राव. वरची कापली की खालची वाळते. बैलाचं करतात तेच, तुमचं वरून केलं एवढंच.'

सायकलच्या दुकानावर एका खोलीत 'गुप्त सल्ला, फक्त पुरुषांसाठी' अशी पाटी आहे. तिथे गेलो. जिन्याच्या दोन्ही भिंती पिचकाऱ्यांनी रंगलेल्या. आत अर्धा पडदा, टेबलावर बरणी, बरणीत तेलात बुडवलेलं काहीतरी केसाळ. त्या माणसाने नखं वाढवलेली. त्याने दार लावलं, मला उभं केलं आणि बाजारात वांगी दाबून बघावीत तसं मला बघितलं. मग ओला हात माझ्याच टॉवेलला पुसला. काळ्या कॅप्सूल दिल्या आहेत. त्यांना गोठ्याचा वास येतो. मी रोज घेतोय.

अशी शीर खरंच असते का? एवढंच कळवा. आणि हे ताईलाही सांगू नका.

तुमचा,
साडू

९ सप्टेंबर

अरे शहाण्या,

तुझं पत्र वाचलं आणि चहा तसाच टाकून उठलो. खोलीत येरझाऱ्या घालत होतो. तुझ्या ताईने विचारलं, 'कुणाशी भांडताय?' म्हटलं, अजून ठरायचंय.

आधी तुझ्याशीच भांडतो. चार टवाळ हसले म्हणून तू स्वतःचं मांस कापून दिलंस! उद्या ते तुझ्या नाकाला हसतील, परवा कानाला. कुठवर कापत जाणार? ज्या टकल्याने तुला धरलं, त्याला त्याच पाण्यात बुडवायचं होतंस. तू शिकवतोस ना पोहायला? न शिकवायलाही यायला हवं माणसाला.

झालं ते झालं. आता शीर. मी छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस, डॉक्टर नाही. पण आमच्या छापखान्यात शरीरशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक नुकतंच छापून झालंय, आणि त्याचं पान न् पान माझ्या डोळ्यांखालून गेलंय. अशी शीर नाही! छातीतली ती गाठ म्हणजे तुझ्या अंगात राहायला आलेली पाहुणी. ती गेली म्हणून घराचा दिवा जात नाही. पुरुषाच्या अंगातला रस तयार होतो वृषणांत, त्याला हुकूम येतो डोक्यातून. छातीला या कारभारात कुणी विचारतसुद्धा नाही. पुरुषपण म्हणजे काय खाटकाच्या दुकानातलं मांस आहे, इतकं छातीचं, इतकं मांडीचं, कापलं की वजन कमी?

मालिशवाल्याची मला किळस येत नाही, त्याला कुणी शिकवलंच नाही. किळस येते त्या पाटीवाल्याची. गावात गटार तुंबलं की आपण पालिकेला शिव्या देतो. आणि हे गटार माणसाच्या मनात पाट काढून सोडलंय, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही! का? तर विषय घाणेरडा. अरे, विषय घाणेरडा नाही. त्यावर झाकण ठेवून आपण तो कुजवलाय.

त्या कॅप्सूल आजच्या आज बंद कर. फेकू नकोस, त्या घेऊन खऱ्या डॉक्टरकडे जा. आणि मला सगळं सविस्तर लिही. तो पाटीवाला काय बोलतो ते शब्दशः. तुझ्या मनात काय चालतं तेही. लाजू नकोस. तुझी लाज हेच त्या माणसाचं भांडवल आहे.

ताईला सांगितलेलं नाही. माझ्यावर विश्वास ठेव.

तोफ

२७ सप्टेंबर

तोफसाहेब,

तुमचं पत्र मी तलावाच्या पंपघरात बसून वाचलं. शीर नाही हे वाचल्यावर हायसं वाटलं. टकल्याला बुडवायचं वाचून हसूही आलं.

कॅप्सूल घेऊन आधी ज्याने कापलं त्याच्याकडे गेलो. त्याच्या बाहेरच्या खोलीत भिंतभर फोटो लावलेत, आधीचे आणि नंतरचे. सगळे पुरुष मुंडकी उडवल्यासारखे, गळ्यापासून बेंबीपर्यंत. टेबलावरच्या बाईने सगळ्यांदेखत मोठ्याने विचारलं, 'तक्रार छातीची आहे की दुसरी?' म्हटलं, दुसरी. 'दुसरी आमच्याकडे नाही,' म्हणाली. बसलेल्या सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आत डॉक्टर माझ्या व्रणांचंच कौतुक करत बसला. भिंतीसाठी फोटो देता का म्हणाला. मी विचारलं, हे का होतंय? तो म्हणाला, 'माझं काम तर सुरेख झालंय.' पण त्याने चिठ्ठी दिली, ती एका डॉक्टरबाईंच्या नावाची. त्या ग्रंथी आणि त्यांचे रस याच विषयाच्या.

या बाई वयस्कर, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी मला एकदाही लाजवलं नाही. माझं बोलून झाल्यावर त्यांनी एक कॅप्सूल उघडली, भुकटी कागदावर सांडली आणि तोंड वाकडं केलं. मग म्हणाल्या, 'छातीच्या ऑपरेशनचा तुमच्या संबंधांशी काहीही संबंध नाही. पहिल्यांदा अडलं ते भीतीने. ते कुणाचंही अडतं. नंतर अडतंय ते बहुधा या मालामुळे. यात पुरुषी रस घातलेला असणार, किती ते त्या माणसालाही माहीत नसेल. बाहेरून फुकट माल यायला लागला की आतला कारखाना बंद पडतो. आणि अजून काही महिने खात राहिला असतात तर जे कापून काढलंत तेच पुन्हा वाढायला लागलं असतं.'

तोफसाहेब, त्या बोलत होत्या आणि मला तिथल्या तिथे दात घासावेसे वाटत होते. ज्या भीतीने गेलो तीच मी रोज दुधाबरोबर गिळत होतो.

रक्त तपासलं. रस बराच खाली आहे. हळूहळू भरून येईल, घाई करायची नाही, असं त्या म्हणाल्या. बधिरपणाही पुष्कळांचा जातो, वेळ लागतो.

तुम्ही विचारलंत, मनात काय चालतं. लिहितो. ही माझ्या छातीवर हात ठेवायची. पहिल्यापासूनची सवय, छाती होती तशी होती तेव्हाही. तिने कधी नाक मुरडलं नाही. ऑपरेशननंतर तिने हात ठेवला आणि मला काहीच कळलं नाही. माझ्या छातीवर नाही, भिंतीवर कुणीतरी हात ठेवलाय आणि मी भिंतीच्या पलीकडे उभा आहे, असं वाटलं. आताशा ती हात ठेवते आणि लगेच काढून घेते. भिंतच आहे हे तिलाही कळलं असणार. तिथून पुढे सगळं थंड होतं.

हे मी तिला बोललेलो नाही. तुम्हालाच लिहितोय. वाचून फाडून टाका.

साडू

१४ ऑक्टोबर

माझ्या शूर साडू,

आज मी तुला पत्र लिहीत नाही, विजयाची बातमी देतोय!

शनिवारच्या आमच्या कामगार सभेत या वेळी बोलायचा विषय होता 'आरोग्य आणि बाजार'. माझी टिपणं तयार होती, सगळी आकड्यांची. उभा राहिलो, समोर पाहिलं. तेच पेंगणारे चेहरे, तेच खोकणारे. आणि मला त्या टिपणांचा वीट आला. कागद खिशात घातले आणि म्हणालो, 'मी तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगतो. तो पाण्यात उतरायचा तेव्हा बनियन घालून उतरायचा.'

पेंगणारे ताठ बसले. भोंगा वाजवणाऱ्या हातांबद्दल बोललो तेव्हा पुढच्या रांगेतल्या पुरुषांनी माना खाली घातल्या. जिना, बरणी, ओला हात टॉवेलला पुसणं, सगळं सांगितलं. कुणीतरी 'शी!' म्हणून ओरडलं. मी म्हणालो, 'आता शी म्हणताय? त्या जिन्यावरच्या पिचकाऱ्या कुणाच्या आहेत? तुमच्याच!' आणि शेवटी तो हात. भिंतीवर ठेवलेला हात, आणि भिंतीपलीकडे उभा असलेला नवरा. बायका पदराने डोळे पुसत होत्या. टाळ्या थांबेनात. आमचा छापखान्याचा फोरमन, ज्याने माझ्या भाषणात आजवर फक्त झोप काढली, तो येऊन माझ्या गळ्यात पडला.

सभेला तुमच्या गावची पोरंही होती, त्यांनी सायकलच्या दुकानावरची ती पाटी ओळखली आणि परत जाऊन उखडून रस्त्यावर आपटली. ऐकतोयस ना? तुझ्या एका पत्राने ती पाटी पाडली!

नाव अर्थातच घेतलं नाही. गावाचं नाही, तलावाचं नाही, कुणाचंच नाही. मी काय दूधखुळा आहे?

पत्र फाडायचं राहिलं. आता फाडतो.

तोफ

२३ ऑक्टोबर

भावोजी,

हे पत्र मी लिहितेय, तुमची धाकटी. यांना माहीत आहे. यांनी स्वतः लिहिणार नाही म्हणून सांगितलं.

मी बेकरीच्या काउंटरवर खोके बांधत होते. आमच्यातली एक मुलगी फोनवर कुठल्याशा सभेचा व्हिडिओ घेऊन आली, म्हणाली, 'अगं ऐक, काय बोलतो हा माणूस, रडवतो.' मला तुमचा आवाज लगेच ओळखू आला. तो न ओळखणारं कोण आहे? मी कौतुकाने म्हणाले, हे माझे भावोजी. मुली जमल्या. फोनचा आवाज मोठा केला. आणि मग ते बनियन आलं, आणि मला कळेना हे काय ऐकतेय, आणि मग तो हात आला.

तो माझा हात होता, भावोजी. माझ्या घरातला, माझ्या नवऱ्याच्या अंगावरचा माझा हात. मला तो बेकरीत, खोके बांधताना, पाच जणींच्या देखत, तुमच्या तोंडून कळला. त्यावर टाळ्या पडल्या. मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मीच सांगितलं होतं ना, भावोजी म्हणून.

मी हात का काढून घ्यायचे ते तुमच्या सभेला माहीत नाही. डॉक्टरने मला बजावलं होतं की आतून अजून ओलं आहे, दाब पडू देऊ नका. नंतर ओलं राहिलं नव्हतं, पण मी हात ठेवला की हे श्वास रोखून पडायचे. मला वाटायचं, दुखतंय पण बोलत नाहीत. म्हणून काढून घ्यायचे. यांना वाटलं मला किळस आली. मला वाटलं यांना दुखतंय. एवढंच होतं ते! आम्ही एकमेकांना विचारलं असतं. आज नाही तर महिन्याने, भांडून, रडून, कसंही. ते आमचं विचारायचं होतं. तुम्ही ते आमच्या आधी तीनशे लोकांना सांगून टाकलंत.

तलावावर काय झालं ते सांगते. यांच्या खुंटीला कुणीतरी बायकांचा पोहायचा पोशाख अडकवला होता, आत कापूस भरून. वर चिठ्ठी, 'भिंत'. नाव तुम्ही घेतलं नाहीत हे खरं. पण गावात बनियन घालून पोहायला शिकवणारे किती आहेत? हे आता पुन्हा बनियन घालून उतरतात. खाली झाकायला काही नाही, तरी घालतात.

त्या पाटीवाल्याने दार लावून यांना दाबून पाहिलं. तुम्ही दार उघडं टाकून तेच केलंत, आणि वर टाळ्या घेतल्यात. मला कुणाची जास्त शिसारी येते ते मी अजून ठरवलेलं नाही.

ताईला यातलं काही सांगू नका. तिला मी सांगेन.

धाकटी

३० ऑक्टोबर

धाकटे,

तुझं पत्र वाचून माझी वाचा बसली. माझ्या बाबतीत हे कधी झालेलं नाही, हे तुला माहीत आहे.

मी स्वतःचा बचाव करणार नाही. म्हणजे, एवढंच म्हणेन की हेतू वाईट नव्हता. त्या दिवसापासून माझ्याकडे किती पुरुष येऊन गेले, तुला कल्पना नाही. कोपऱ्यात घेऊन कानात बोलतात. धडधाकट, मिशा असलेले पुरुष, आणि डोळे सशासारखे. यांचं कुणी ऐकलंच नव्हतं. बोलायला कुणीतरी सुरुवात करायलाच हवी होती.

पण ती तुझ्या हातापासून करायची नव्हती. हे मला आता समजतंय. बोलताना मला तुम्ही दोघं दिसतच नव्हता. मला सभा दिसत होती.

मी एक ठरवलंय. येत्या शनिवारी त्याच व्यासपीठावरून मी जाहीर माफी मागतो. सांगतो की मी एका जवळच्या माणसाचा विश्वास मोडला, त्याच्या पत्नीचा...

तोफ

३ नोव्हेंबर

भावोजी,

काही मागू नका. कुठेही उभे राहू नका.

धाकटी

१७ जानेवारी

प्रिय साडू,

अडीच महिने मी तुम्हा दोघांना पत्र लिहिलं नाही. बोललोही नाही, कुठेच. शनिवारच्या सभेत मागच्या रांगेत बसतो आणि दुसऱ्यांची भाषणं ऐकतो. फारच कंटाळवाणी असतात. माझीही अशीच असतील का, असं पहिल्यांदाच मनात आलं.

ताई मला हवं नको ते विचारते. बाकी काही विचारत नाही. ही तिची शिक्षा मला शिव्यांपेक्षा जड जाते.

आज लिहायला एक कारण घडलं. सभेनंतर लोक येऊन विचारतात, 'त्या माणसाचं पुढे काय झालं?' दर आठवड्याला विचारतात. काहींच्या डोळ्यांत नुसता चोंबडेपणा असतो, तसल्यांना मी हाकलतो. पण काही खरोखर विचारतात. काल एक मुलगा आला, लग्न ठरलेलं. त्याचंही तुझ्यासारखंच ऑपरेशन झालंय, आणि त्याला लग्न मोडायचंय. तो मला म्हणाला, 'एवढंच सांगा, तो माणूस बरा झाला का?'

मी काय सांगू? तू मला एक ओळ लिही. ठीक आहे की नाही. मी ती वापरणार नाही. त्या एका मुलाला सांगेन, बस. आणि मलाही कळायला हवं रे. तू माझा धाकटा भाऊच आहेस. रोज मनात येतं, सगळं ठीक झालं असेल ना?

तोफ

५ फेब्रुवारी

तोफसाहेब,

पत्र मिळालं. हीही वाचून बसली आहे. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की उत्तर मी लिहायचं.

आधी त्या पाटीची बातमी. तुमच्या पोरांनी उखडली ना? आठवड्याच्या आत ती रस्त्यापलीकडे लागली, आधीच्या दुप्पट मोठी, वर दिवा. आत दोन खुर्च्या वाढल्या आहेत. भाषण ऐकून गिऱ्हाईक वाढलं. आमचा बँकवाला, भोंगा वाजवणारा, त्याने मला कपाटांच्या मागे गाठलं. मला वाटलं आता नवीन काय धरणार. तो हळूच म्हणाला, 'तो बरणीवाला नक्की कुठे बसतो हो?' मी म्हटलं, कशाला? तर म्हणतो, 'माझ्या एका मित्राला हवंय.' बोलताना तो सारखा दाराकडे बघत होता. इतकी वर्षं ज्याला बुडवावंसं वाटलं तो माझ्यापुढे उभा होता. मला त्याची घाण वाटली. मग कीव आली. आणि कीव आली याचीही घाण वाटली. डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. गेला की नाही माहीत नाही. गेला असेल पाटीकडेच.

तो कापूस भरलेला पोशाख बरेच दिवस माझ्या खुंटीलाच होता. मी काढला नाही, दुसऱ्या कुणी काढला नाही. शेवटी तो कुबट होऊन वास मारायला लागला, तेव्हा सगळ्यांसमोर उचलून कचऱ्यात टाकला आणि हात साबणाने धुतले. कुणी हसलं नाही. मीही हसलो नाही. हे मला आधी कधी जमलं नव्हतं.

मग एके दिवशी दुपारच्या तुकडीतला एक गृहस्थ, कधी कुणाशी न बोलणारा, सगळे गेल्यावर मागे थांबला. सदरा वर केला. माझी होती त्यापेक्षा मोठी. म्हणाला, 'दुखतं का हो?' मी त्याला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. कुठे कापतात, किती दिवस पट्टा बांधतात, कुठे बधिर होतं, डॉक्टर निवडताना काय विचारायचं, नंतर कुणाचं ऐकायचं नाही. छाती आणि बाकीचं यांचा संबंध नाही, हेही सांगितलं. आणि हेही, की कापलंच पाहिजे असं नाही. त्याने विचारलं म्हणून सांगितलं. त्याने विचारलं ते त्याच्यासाठी. सांगून झाल्यावर मी बनियन काढलं आणि पाण्यात गेलो, कारण पुढची तुकडी आली होती. बाकी त्यात काही नाही.

तुमच्याकडे आलेल्या त्या मुलाला माझ्याकडे पाठवा. एकट्याला. तुम्ही बरोबर येऊ नका. त्याला जे विचारायचंय ते मी तोंडाने सांगेन, त्याला हवं तेवढं. आधी डॉक्टरबाईंकडे पाठवीन. लग्न मोडायचं की नाही ते तो आणि ती मुलगी ठरवतील, त्यात मीसुद्धा पडणार नाही.

आता तुमची एक ओळ. तोफसाहेब, तुम्ही मनापासून विचारताय, हे मला कळतं. तुमचं माझ्यावर प्रेम आहे, यावर हिचाही विश्वास आहे, रागात असली तरी. पण तुम्ही जे विचारताय ते मी तुम्हाला सांगणार नाही. ठीक झालं, हेही नाही. नाही झालं, हेही नाही. माझ्यात काय बिघडलं आणि काय नाही, हे मालिशवाल्याने सांगितलं, पाटीवाल्याने सांगितलं, खुंटीवरच्या चिठ्ठीने सांगितलं आणि तुमच्या सभेने टाळ्या वाजवून सांगितलं. आता एवढं एक राहिलंय जे फक्त आम्हा दोघांना माहीत आहे. बाकी सगळं तुम्ही घेऊन गेलात. हे राहू द्या.

सभेने विचारलं की त्या माणसाचं पुढे काय झालं, तर सांगा, त्याने उत्तर द्यायला नकार दिला. एवढ्यावर समाधान होत नसेल तर सभेने घरी जावं आणि आपापल्या बायकोला विचारावं, तिचं काय चाललंय.

साडू